नियमाचे दार

शाळेचे वेळापत्रक करणे हे काम कुणालाच नको असते, आणि म्हणूनच ते चित्रकलेच्या शिक्षकाकडे येते. त्याला पट्टी धरता येते, त्याचे अक्षर बरे असते, आणि त्याचा विषय गौण असल्यामुळे त्याच्याजवळ वेळ असतो अशी सर्वांची समजूत असते. गेली बावीस-तेवीस वर्षे मी हे काम करीत आलो आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मोठ्या कागदावर रकाने आखावेत, तास मांडावेत, मुख्याध्यापकांची सही घ्यावी आणि तो कागद कार्यालयाबाहेरच्या काचेच्या चौकटीत लावावा. एकदा काच बसली की तो कागद कागद राहत नाही. तो नियम होतो. मुले त्याप्रमाणे दप्तर भरतात, शिक्षक त्याप्रमाणे वर्गावर जातात, शिपाई त्याप्रमाणे घंटा देतो. आणि नवल असे की, ज्याने पेन्सिलीने तो आखला, खोडला, पुन्हा आखला, तो मीसुद्धा त्यानंतर त्याच्याकडे मान वर करूनच पाहतो.

नियम पाळणाऱ्याला तो नियम हातात घेऊन, उलटसुलट करून पाहता यावा का? आणि पाहून झाल्यावर त्याने त्यात बदल मागितला, तर नियमाचे नियमपण शिल्लक राहते का? हा प्रश्न काही मी शोधून काढलेला नाही. घरोघरी सासुरवाशिणींनी तो मनातल्या मनात विचारला असेल आणि न्यायालयांत तो मोठ्या आवाजात विचारला गेला आहे. मला मात्र तो नव्याने भेटला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी, संगणकाला सूचना लिहून देण्याच्या विद्येत. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. माझे वडील तिला अखेरपर्यंत मॅट्रिकच म्हणत. चार कादंबऱ्या लिहिल्या त्या तेवढ्याच शिदोरीवर. तेव्हा वाचकांनी माझ्याकडून शास्त्राची अपेक्षा करू नये. मला जेवढे समजले तेवढेच, आणि ज्यासाठी समजून घ्यावेसे वाटले तेही, मी येथे सांगणार आहे.

गेल्या मे महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. आता ती पुण्याला असते आणि प्रोग्रॅम लिहिण्याचे काम करते. तिची आई आमच्या गावच्या बाजारात भाजी घेऊन बसत असे. मुलीने येताना आंबे आणले होते. चहा झाला, चौकशा झाल्या, आणि मी सहज विचारले, "दिवसभर त्या यंत्रापुढे बसून तू करतेस तरी काय?"

"सर, तुम्ही जूनमध्ये करता तेच," ती म्हणाली. "वेळापत्रक."

मग तिने मला समजेल अशा रीतीने सांगायला सुरुवात केली. प्रोग्रॅममध्ये ऑब्जेक्ट असतात. ऑब्जेक्ट म्हणजे वस्तू. शाळेचा प्रोग्रॅम करायचा म्हटला तर एकेक विद्यार्थी ही एकेक वस्तू. तिच्यापाशी तिची माहिती असते: नाव, हजेरी क्रमांक, गुण. तिला काय विचारले म्हणजे तिने काय उत्तर द्यायचे हेही ठरलेले असते. आता पाचशे मुलांसाठी हे पाचशे वेळा लिहिणे शक्य नाही. म्हणून एक साचा करतात. या साच्यात कोणते रकाने आहेत आणि कोणत्या प्रश्नाला उत्तर कसे काढायचे, हे एकदाच सांगितलेले असते. त्याला क्लास म्हणतात.

"म्हणजे वर्गच की!" मी म्हणालो.

"वर्गच, सर. आणि आता खरी गंमत ऐका. वर्गाचा नियम मुलांना लागू. पण वर्ग स्वतः कोण? त्याला कुणी काही विचारू शकतं का?"

ही वर्गाची कल्पना मुळात नॉर्वेतली. ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन न्यूगोर या दोघांनी ऑस्लो येथे सिम्युला नावाची भाषा केली आणि १९६७ च्या तिच्या आवृत्तीत वर्ग आला. पण तेथे वर्ग ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या कागदावरची गोष्ट होती. प्रोग्रॅम चालू झाला की वस्तू हिंडूफिरू लागत, वर्ग मात्र भिंतीसारखा मागे राही. चालत्या प्रोग्रॅमला तो हातात धरता येत नसे. पुढे सत्तरीच्या दशकात कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात, अॅलन के, डॅन इंगल्स, अॅडेल गोल्डबर्ग इत्यादी मंडळींनी स्मॉलटॉक नावाची भाषा घडवली. तिच्यातले सर्वच काही वस्तू आहे, असा त्यांचा बाणा होता. बाणा पाळायचा तर तो शेवटपर्यंत पाळला पाहिजे. सर्वच वस्तू असतील तर वर्गही वस्तू असला पाहिजे. मग वर्गाला विचारता येऊ लागले: बाबा रे, तुझे रकाने कोणते? तुझा वडील वर्ग कोणता? तुला कोणकोणती उत्तरे देता येतात?

जी वस्तू इतर वस्तूंचे नियम सांभाळते तिला मेटाऑब्जेक्ट म्हणतात. मी तिला मनाशी 'कारभारी वस्तू' असे नाव दिले आहे. नियम भिंतीतून उतरून माणसासारखा समोर येऊन बसला, आणि त्याला प्रश्न विचारता येऊ लागला, एवढा सारा अर्थ त्या शब्दात आहे.

पण येथे कोणीही शहाणा मनुष्य जी शंका काढील ती मीही काढली. प्रत्येक वस्तूला वर्ग आहे. वर्ग ही वस्तू आहे. तर वर्गाचा वर्ग कोणता? आणि त्याचा? शाळेत मुलावर वर्गशिक्षक, शिक्षकावर मुख्याध्यापक, मुख्याध्यापकांवर शिक्षणाधिकारी, आणि हा जिना चढत गेले तर शेवट कोठे? स्मॉलटॉकच्या १९८० च्या आवृत्तीत याचे उत्तर एक वळसा घालून दिलेले आहे. प्रत्येक वर्गाचा एकेक कारभारी वर्ग. हे सगळे कारभारी मिळून मेटाक्लास नावाच्या एका वर्गात बसतात. आणि मेटाक्लासचा स्वतःचा जो कारभारी, तोही त्याच वर्गातला एक विद्यार्थी असतो! आजच्या पायथन भाषेत तर हे आणखी उघड आहे. तेथे टाइप नावाचा वर्ग हा स्वतःचाच वर्ग आहे. हजेरी घेणाऱ्याने शेवटी स्वतःचे नाव पुकारावे आणि स्वतःच 'हजर' म्हणावे, तसा हा प्रकार. ऐकताना हसू येते, पण विचार केला तर प्रत्येक संस्थेच्या माथ्यावर कोठेतरी असाच एक माणूस बसलेला आढळतो.

दुसरे उत्तर ब्रायन कँटवेल स्मिथ यांचे. यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी येथे प्रबंध लिहिला. चालता प्रोग्रॅम मध्येच थांबून स्वतःच्या चालण्याकडे पाहू शकेल, त्यात फेरफार करू शकेल आणि पुन्हा चालू लागेल काय, असा त्यांचा प्रश्न होता. आत्मपरीक्षण म्हणजे काय, असे संतांनी विचारावे, तसा तो यंत्राविषयी विचारलेला आहे. प्रोग्रॅम चालवणारा हाही एक प्रोग्रॅमच असतो; त्याला चालवणारा आणखी वरचा; अशी ती मजल्यांवर मजले चढत जाणारी न संपणारी माडी. मग ती बांधणार कशी? पुढे जिम दे रिव्हिएर आणि स्मिथ यांनी दाखवून दिले की, ती सगळी बांधावी लागतच नाही. वरचे मजले एकमेकांसारखेच असतात. ज्या मजल्यावर कोणी खरोखर जाऊ इच्छितो तेवढाच त्या वेळी उभा करावा. चढणारा येईपर्यंत वरच्या जिन्याची काळजी कशाला?

हे सारे ऐकताना मजा वाटत होती, परंतु ते माझ्या जीवाला लागले नव्हते. लागले ते पुढचे.

लिस्प ही संगणकाच्या जुन्या भाषांपैकी एक. जॉन मॅकार्थी यांनी ती १९५८ मध्ये सुरू केली. १९८० नंतरच्या वर्षांत तिच्यात वस्तूंची पद्धत आणणारे अनेक पंथ झाले. एक एमआयटीतून निघालेला, फ्लेव्हर्स नावाचा. दुसरा झेरॉक्सच्या मंडळींचा, लूप्स नावाचा. एखादी वस्तू दोन घराण्यांचा वारसा सांगत असेल तर आधी कोणाची रीत पाळायची, यासारख्या गोष्टींत या पंथांचे एकमत नव्हते. आईकडची की बापाकडची, हा वाद यंत्रालाही चुकला नाही. पुढे सर्वांसाठी एकच पद्धत ठरवावी असे झाले, आणि १९८८ मध्ये ती मान्यही झाली. पण ज्यांचे वर्षानुवर्षांचे काम दुसऱ्या रीतीवर उभे होते त्यांचे काय?

दुसरी अडचण याहून साधी. समजा, एक वस्तू आहे नकाशावरचा बिंदू. तिला दोनच रकाने: आडवे अंतर आणि उभे अंतर. ते सतत, क्षणाक्षणाला वाचावे लागतात. दुसरी वस्तू आहे माणूस. त्याला रकाने किती करावेत? नाव, वय, पत्ता, आणि असे किती तरी. पण एकेका माणसाच्या बाबतीत त्यातले थोडेच भरलेले, बाकी कोरे. बिंदूसाठी छापील रकान्यांची वही सोयीची. झटकन बोट ठेवता येते. माणसासाठी तीच वही केली तर पानेच्या पाने कोरी वाया जातात. तेथे लागेल तेवढ्या चिठ्ठ्या ठेवणे बरे. भाषा करणाऱ्याने मात्र आधीच, सर्वांसाठी, एकच वही ठरवून टाकलेली असते. यात तो दुष्ट नसतो. त्याच्यासमोर उद्या कोण येणार आहे हे त्याला दिसलेले नसते, एवढेच.

अशा वेळी प्रोग्रॅम लिहिणारा काय करतो? एक तर मुकाट्याने सोसतो. नाही तर भाषेच्या पोटात चोरून हात घालतो आणि आपले काम साधून घेतो. ग्रेगर किझालेस, जिम दे रिव्हिएर आणि डॅनियल बोब्रो या तिघांनी याला तिसरा मार्ग सांगितला. त्यांचे 'द आर्ट ऑफ द मेटाऑब्जेक्ट प्रोटोकॉल' हे पुस्तक १९९१ मध्ये निघाले. बिंदूचा आणि माणसाचा दाखला त्यातलाच. वही आणि चिठ्ठ्या माझ्या. ते म्हणतात त्याचा मला समजलेला आशय असा: जो नियम सर्वसाधारणपणे बरा आहे तो ठेवा, पण तो जेथे जेथे ठरतो तेथे एक ठरलेले, जाहीर दार ठेवा. वर्ग, रकाना, उत्तर देण्याची रीत, या सर्वांना कारभारी वस्तू करा; आणि त्यांना काय विचारता येते, कोणत्या क्रमाने, आणि त्यांनी कोणत्या आकाराचे उत्तर दिलेच पाहिजे, हे लिहून सर्वांना सांगा. या लिहून सांगण्याला प्रोटोकॉल म्हणतात. आपल्या सरकारी मराठीत या शब्दाला 'राजशिष्टाचार' म्हणतात, आणि तो शब्द येथे वाईट बसत नाही. राजाच्या घरातही आत कसे जायचे हे ठरलेले असले म्हणजे भिंत फोडावी लागत नाही.

या दाराला उंबरे आहेत, आणि तेच मला महत्त्वाचे वाटतात. सर्वांसाठी जो प्रमाण वर्ग आहे त्याचे वागणे तुम्हांला बदलता येत नाही. तुम्ही त्याच्याखाली आपला एक निराळा प्रकार करायचा, त्याला नाव द्यायचे, आणि जे वर्ग उघडपणे 'आम्ही या प्रकारचे' असे म्हणतील त्यांनाच तुमचा बदल लागू. शेजारी जो जुन्या नियमावर विसंबून आहे त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. दुसरे असे की, उत्तर काढण्याची तुमची रीत वेगळी चालेल, पण दिलेले वचन मोडता येणार नाही. जेथे यादी हवी तेथे यादीच दिली पाहिजे. आणि तिसरे, सर्वांत खाली थोडी जमीन अशी राखलेली असते की जिच्याविषयी यंत्र पुन्हा विचारीत बसत नाही. नाही तर 'नियम कसा लावायचा याचा नियम कसा लावायचा' यातच त्याचा दिवस मावळेल.

याच्या उलट उदाहरण तिने रूबी या भाषेचे दिले. युकिहिरो मात्सुमोतो यांनी ती जपानमध्ये केली आणि १९९५ मध्ये लोकांपुढे ठेवली. तिच्यात वर्ग सदैव उघडे. कोणीही उठावे आणि अक्षरमालेच्या मूळ वर्गातच आपल्या सोयीची भर घालावी किंवा तिथली रीतच बदलावी. बदल त्या सबंध प्रोग्रॅममध्ये सर्वांना लागू. यातून सुंदर कामेही झाली. पण एकाने सोयीसाठी केलेला बदल दूर कोठेतरी दुसऱ्याच्या पायात येतो, आणि त्या बिचाऱ्याला आपण कशाला अडखळलो हे कळतही नाही. या उद्योगाला प्रोग्रॅमवाले 'मंकी पॅचिंग' म्हणतात. माकडाने लावलेले ठिगळ! पुढे २०१३ साली रूबीतही रिफाइनमेंट नावाची सोय आली, ती अशा बदलाला कुंपण घालण्यासाठी.

ठिगळ हा शब्द ऐकून मी हसलो. ती हसली नाही. कपाकडे पाहत म्हणाली, "सर, तुम्ही माझ्यासाठी एकदा असंच केलं होतं. आठवतं?"

मला आठवत होते. विसरलो असे दाखवावे, असेही क्षणभर वाटले.

मी शाळेत लागून दोन-तीन वर्षेच झाली होती. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचे फॉर्म आमच्या शाळेतून जात, पण चित्रकलेच्या तासांना पंचाहत्तर टक्के हजेरी असल्याशिवाय फॉर्म पाठवायचा नाही, असा शाळेचा नियम होता. तो माझ्या आधीपासूनचा. चित्रकलेचा जोडतास शनिवारी सकाळी. आणि आमच्या गावचा आठवड्याचा बाजारही शनिवारी. ही मुलगी आईबरोबर पहाटे जागा धरायला जाई. निम्म्या तासांना ती नसे. पण तिच्या हातात रेषा होती. फॉर्म भरण्याच्या आदल्या संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, मी हजेरीपट उघडला आणि तिच्या नावापुढच्या पुरेशा गैरहजेऱ्यांच्या हजेऱ्या केल्या. शाई तीच होती. कोणाला कळले नाही. तिचा फॉर्म गेला, ती उत्तम श्रेणीत पास झाली. त्या रात्री मला शांत झोप लागली हे मी कबूल करतो. नियमापेक्षा माणूस मोठा, अशा अर्थाची वाक्ये मी त्यानंतर एका कादंबरीतही घातली आहेत.

"आठवतं," मी म्हणालो. "तुला कळलं होतं?"

"माझे तास मला माहीत होते ना, सर." मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "आमच्यापासून तिसऱ्या पालावर लसूण घेऊन बसायचे, त्यांचा मुलगाही आपल्याच वर्गात होता. तोही शनिवारी यायचा नाही. त्याचे तास माझ्यापेक्षा जास्त भरले होते. त्याचा फॉर्म नाही गेला."

तो मुलगा मला आठवला. पण चेहऱ्याने नव्हे. हजेरीपटात त्याच्या नावाखाली मी तांबड्या शाईने रेघ मारली होती, ती रेघ आठवली. तो मागच्या बाकावर बसे, बोलत नसे. त्याचे वडील काय करतात हे मी त्याला कधी विचारले नव्हते. एकाच संध्याकाळी, एकाच टेबलावर, एका नावापुढे मी माणूस होतो आणि दुसऱ्या नावापुढे नियम होतो.

"तू तेव्हा का बोलली नाहीस?" असे मी विचारले, आणि विचारताच मला त्यातला अन्याय उमगला.

"कसं बोलणार, सर? बोलले असते तर माझाही फॉर्म परत आला असता. आणि तुमचं काय झालं असतं?"

वाचकहो, मला या लेखात जे सांगायचे आहे ते या दोन वाक्यांत आहे. चोरून केलेल्या दयेची नेहमी एकच बाजू दिसते: ज्याच्यावर दया केली त्याचे भले झाले. तिची दुसरी बाजू अशी की, ती देणाऱ्याच्या ओळखीपुरतीच असते. जो नजरेत भरला त्याला मिळते, जो मागच्या बाकावर बसला त्याला मिळत नाही. आणि तिसरी बाजू त्याहून वाईट. ज्याचे भले झाले त्याचे तोंड ती बंद करते. नियम चुकीचा आहे हे ज्या एका व्यक्तीला अनुभवाने ठाऊक होते, तीच आता ते बोलू शकत नव्हती. मी नियम वाकवला असे मला वाटत होते. वस्तुतः मी त्याला अधिक घट्ट केले. हजेरीपट उघडून पाहणाऱ्याला असेच दिसले असते की, शनिवारच्या तासाची कोणालाही अडचण नाही.

आणि उपाय किती जवळ होता! शनिवारचा जोडतास बुधवारी नेला असता तर दोन्ही मुले खरोखर हजर राहिली असती. ते वेळापत्रक दुसऱ्या कोणी केलेले नव्हते. मी केले होते. पण हजेरी खोटी भरणे मला सोपे वाटले, आणि रकाना हलवणे सुचलेदेखील नाही. वेळापत्रक ही वस्तू आहे, तिला प्रश्न विचारता येतो, तिचा कारभारी मीच आहे, हे मला दिसले नाही. मी मुलांकडे पाहिले, नियमाकडे पाहिलेच नाही. नियम माझ्या दृष्टीने काचेमागे होता.

याला कोणी विचारी वाचक असे उत्तर देतील की, नियमाची ताठरता हेच गरिबाचे संरक्षण असते. दारे ठेवली की दारातून आधी शिरतात ते शहाणे, ओळखीचे आणि वकील लावू शकणारे. हे खोटे नाही. मी स्वतःच्या शाळेत पाहिले आहे की अर्ज करणारे पालक आणि अर्जाची गरज असलेले पालक हे पुष्कळदा निराळे असतात. मेटाऑब्जेक्ट प्रोटोकॉलचा इतिहासही हा संकोच सांगतो. कॉमन लिस्पचे अमेरिकन राष्ट्रीय प्रमाण १९९४ मध्ये झाले, तेव्हा वस्तूंची पद्धत त्यात आली, प्रोटोकॉल मात्र प्रमाणाबाहेर राहिला. पुढे भाषा तयार करून देणाऱ्या बहुतेकांनी तो थोड्याफार फरकाने दिला, हा भाग वेगळा. या संकोचाचा मला राग येत नाही. आपल्या घराची आतली रचना लोकांना सांगितली की ती पुढे आपल्यालाही मनासारखी बदलता येत नाही. दार ठेवणारा दाराने बांधला जातो.

पण ताठर नियमाचा कैवार घेणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. दार नसले म्हणजे लोक आत जात नाहीत का? मी गेलोच होतो. दार नसलेल्या भिंतीला भोके पडतात, आणि भोके कोणाकोणाला ठाऊक असतात हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणजे निवड दार आणि भिंत यांच्यात नाहीच. ती दार आणि भोक यांच्यात आहे. दारातून शिरणारा निदान दिसतो. त्याने काय मागितले, कोणत्या कारणाने, आणि त्याला काय मिळाले, हे मागच्या बाकावरच्या मुलालाही वाचता येते, आणि मग तो म्हणू शकतो, "माझंही तसंच आहे."

आपल्या राज्यघटनेत असेच एक दार आहे. डॉ. आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते तिने तयार केलेल्या घटनेत, घटना कशी बदलायची हे सांगणारा ३६८ वा अनुच्छेद घटनेतच आहे. आणि त्या दाराचा उंबरा कोणता, हे २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात ठरले: तेरा न्यायाधीशांपैकी सातांनी सांगितले की, संसदेला घटना दुरुस्त करता येईल, पण तिचा मूळ सांगाडा मोडता येणार नाही. सहा न्यायाधीशांचे मत वेगळे पडले. एवढ्या थोड्या अंतराने ही गोष्ट ठरली, यावरूनच दार कोठवर उघडावे हा प्रश्न किती अवघड आहे ते दिसते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी तो सोडवला असे मी म्हणणार नाही. त्यांनी तो लहान जागेत, स्वच्छ मांडून दाखवला, एवढे खरे. बदल जाहीर असावा. त्याला नाव असावे. जे त्याखाली येऊ म्हणतील त्यांनाच तो लागावा. दिलेली वचने मोडू नयेत. आणि पायाखालची थोडी जमीन न खणता ठेवावी. चांगल्या घरातसुद्धा याहून अधिक काय असते?

ती पुण्याला परत गेल्यावर पुढच्या शनिवारी मी बाजारात गेलो. तो लसणाच्या पालावर होता; आता वडिलांच्या जागी तो बसतो. त्याने मला लगेच ओळखले, "या सर," म्हणून गोणपाट पुढे केले. मी बसलो आणि जे घडले होते ते त्याला सांगितले. मधूनमधून गिऱ्हाईक येत होते, म्हणून सांगायला वेळ लागला. त्याने ऐकून घेतले. रागावला नाही, रागावला असता तर मला बरे वाटले असते. तराजूतली माती झटकीत तो म्हणाला, "मला वाटलं, नियमच तसा असतो."

या वर्षी जूनमध्ये वेळापत्रक आखले तेव्हा मुख्याध्यापकांच्या संमतीने मी खाली चार ओळी वाढवल्या आहेत. ज्याला एखादा तास अडचणीचा आहे त्याने कारण लिहून द्यावे. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे, मी लिहून घेईन. आठ दिवसांत लेखी उत्तर मिळेल. मागणी आणि उत्तर दोन्ही या चौकटीशेजारी लावली जातील. आणि बदल झाला तर तो एका नावासाठी होणार नाही, तशी अडचण असलेल्या सर्वांसाठी होईल. पहिला कागद आठवीच्या मुलींचा आला. शुक्रवारी शेवटचा तास चित्रकलेचा आहे आणि त्यांच्या वाडीची एसटी त्याआधीच सुटते. तो तास हलवायचा तर माझा शुक्रवारचा मोकळा तास जात होता. त्या तासात मी कादंबरी लिहितो. तास हलवला. कादंबरी रखडली आहे. दुसरा कागद मला नाकारावा लागला, आणि नकाराची कारणे लिहिताना मी तीन मसुदे फाडले. हजेरी खोटी भरायला त्या संध्याकाळी मला पाच मिनिटे लागली होती.

चौकटीवरची काच मात्र मी काढलेली नाही. काढली तर मुले कागदावर मिशा काढतात.